नाशिक: रोज प्रार्थना करूनही काळजी जात नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचा. मरण मागत एलीया संदेष्टा झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मला यातून फार धीर मिळतो. ‘चिंताक्रांत होऊ नका’ हेही प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलं, तेव्हा ती दटावणी समजू नका. रात्री छाती धडधडली तर भीती वाटेल तेव्हा देवावर भरवसा ठेवीन असं सांगणारं स्तोत्र ५६:३ श्वासाच्या लयीत म्हणा, लांब प्रार्थनेचा हट्ट नको. दिवसा नाशिकरोडला बाळ येशूच्या तीर्थस्थानी शांत बसा, फादरांशी किंवा तुमच्या पाळकांशी बोला. झोप, भूकच उडाली असेल तर डॉक्टरांकडे जाच. गोळी घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.