पट्टीवर दुसरी रेघ आली, पण गर्भ आहे कुठे?

प्रश्न : ताई, माझं वय 26, लग्नाला तीन वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ओटीपोटात खूप दुखायचं, अंगावरून वासाचं जायचं. सिव्हिलमध्ये पिवळं पाकीट दिलं, 14 दिवसांच्या गोळ्या होत्या. तोंड कसंतरीच व्हायचं, मळमळायचं. सातव्या दिवशी दुखायचं थांबलं तेव्हा सोडून दिल्या. मिस्टरांनाही बोलावलं होतं, पण ‘मला काय झालंय?’ म्हणाले, आलेच नाहीत. आता पाळी चुकून आठवडा झालाय, पट्टीवर दुसरी रेघ आलीय, फिकट. सासूबाई म्हणतात, तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते, दवाखान्यातही तेव्हाच जाऊ. माझ्या मामेबहिणीचा गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून तिला रात्रीच ऑपरेशनला नेलं. माझंही तसंच होईल का?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : तसंच होईल असं नाही. नळीला संसर्ग होऊन गेलेल्या बायकांचाही गर्भ बहुतेक वेळा गर्भाशयातच रुजतो. पण तुला इतर बायकांपेक्षा धोका जास्त आहे, आणि तीन महिने थांबणं तुला परवडणारं नाही. नळी फुटते ती साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे तीन महिन्यांच्या खूप आधी. बातमी गुपित ठेवायची तर खुशाल ठेव. डॉक्टरांपासून मात्र नको.

आधी त्या पिवळ्या पाकिटाचं. त्यात एकदाच घ्यायची सेफिक्झिम आणि 14 दिवस रोज दोनदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल अशा गोळ्या असतात. तोंडाला धातूसारखी चव आणते ती मेट्रोनिडॅझोल, आणि तिच्यापायी कोर्स सोडणारी तू एकटी नाहीस. सरकारी क्लिनिकमध्ये बरेचदा लक्षणं बघूनच औषध देतात, म्हणून जंतू कोणता हे तुला कुणी सांगितलं नसेल. ओटीपोटात असा त्रास करणारे नेहमीचे दोन जंतू म्हणजे क्लॅमिडिया आणि गनोरिया, दोन्ही शरीरसंबंधातून पसरणारे. यातला क्लॅमिडिया लबाड. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना त्याचं काहीच लक्षण जाणवत नाही. मिस्टर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणाले ते खरंही असेल, आणि तरी जंतू असू शकतो. शिवाय दुखणं थांबलं म्हणजे संसर्ग संपला असं नव्हे. अर्धा कोर्स, त्यात नवऱ्याला औषधच नाही, म्हणजे तोच जंतू पुन्हा तुझ्याकडे यायला वाट मोकळी.

नळीत बिघडतं काय? गर्भनलिका जेमतेम 10-12 सेंटीमीटरची. तिच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक केस असतात आणि ते हलत हलत बीज गर्भाशयाकडे सरकवतात. संसर्गाने सूज आली की ही लव झडते, आतले पापुद्रे जागोजागी चिकटतात. शुक्रजंतू त्यातूनही वाट काढून जातो. फळलेलं बीज मोठं, त्याला ढकलणारं कुणी उरत नाही, ते मध्येच अडकून तिथेच रुजतं. नळीला गर्भाशयासारखं ताणता येत नाही, म्हणून ती फुटते. आणि लव झडलेली दिसत नाही, म्हणूनच डाय घालून काढलेल्या एक्स-रेत नळी मोकळी दिसली तरी ती नीट काम करतेच असं म्हणता येत नाही. (आपल्याकडे टीबीमुळेही नळ्या अशाच खराब होतात. कधी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना तेही सांग.)

आता करायचं काय. उद्या-परवाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पिवळ्या पाकिटाची गोष्ट स्वतःहून सांग. ‘पांढरं जायचं’ एवढंच म्हणून थांबू नकोस. रक्ताची बीटा एचसीजी (गरोदरपणातलं हार्मोन) तपासणी होईल, 48 तासांनी पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. सुरुवातीच्या दिवसांत हा आकडा दोन दिवसांत निदान दीडपट व्हायला हवा. रेंगाळला तर गर्भ नीट वाढत नसेल किंवा जागेवर नसेल. नीट वाढला तरी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण नळीतल्या गर्भातही आकडा कधी कधी छान वाढतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सहा आठवडे मोज आणि तेव्हा योनीमार्गाची सोनोग्राफी करून घे. तोवर गर्भाची पिशवी गर्भाशयात दिसायला हवी. या सोनोग्राफीने गर्भ पडतो ही निव्वळ भीती आहे.

पण ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं, काळपट डाग दिसू लागले, चक्कर आली, सारखं शौचाला जावंसं वाटलं किंवा खांद्याच्या टोकाला दुखलं, तर सहा आठवडे पुरे व्हायची वाट बघू नकोस. खांद्याचं ऐकून नवल वाटेल. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागतं आणि त्याची कळ खांद्यात जाते. बायका बाम चोळत बसतात. अशा वेळी 108 ला फोन, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय, आणि तोंडाने काही खायचं-प्यायचं नाही.

गर्भ नळीत असल्याचं लवकर कळलं, नळी फुटलेली नसली आणि बीटा एचसीजी फार चढलेलं नसलं, तर गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागू शकतं. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासतात, आकडा खाली येईपर्यंत फेऱ्या चालू राहतात. त्या काळात फॉलिक अॅसिड बंद, आणि पुढचे तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. उशीर झाला की दुर्बिणीने नळीच काढावी लागते. एका नळीवरही मूल होतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून घे.

एक कळकळीची सूचना. घाबरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणू नकोस. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी जात नाही. रक्तस्राव होतो, ‘मोकळी झाले’ असं वाटतं, आणि आत नळी फुगतच राहते.

राहिला नवरा. एचआयव्ही आणि व्हीडीआरएलच्या (सिफिलिसच्या) तपासण्यांत क्लॅमिडिया-गनोरिया दिसत नाहीत. त्यासाठी तुझा स्वॅब, त्याची लघवी वेगळी तपासावी लागते. क्लॅमिडिया निघाला तर गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच देतात आणि साधारण महिन्याने पुन्हा तपासतात. नवऱ्याला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज दोनदा, सात दिवस. दोघांचं औषध होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नकोत, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सिव्हिलमधल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये औषध मोफत मिळतं, 1097 वर फोन करून जवळचं क्लिनिक विचारता येतं. ‘हे आलं कुठून?’ हा प्रश्न तुझ्या मनात असणारच. जंतू महिनोन् महिने गुपचूप राहतो. तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहून येत नाही. ते भांडण करायचं असेल तर कर, पण नवऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर.

आणि योनीमार्गाच्या सोनोग्राफीला ढसाढसा पाणी पिऊन ताटकळायचं नसतं. उलट लघवी करून आत जायचं. ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव, फॉर्म भरताना लागते.