फ्रीजमधला हापूस पिकला का नाही?

प्रश्न : मे महिन्यात देवगडच्या पाव्हण्यांनी तीन डझन कच्चा हापूस पाठवला. घरात लग्नाची गडबड, म्हणून एक डझनाची पिंजरात अढी घातली आणि दोन डझन तसेच कच्चेच फ्रीजमध्ये ठेवले. अढीतले मस्त पिकले, पण फ्रीजमधले दहा-बारा दिवसांनी बाहेर काढले तर सालीवर काळपट डाग, आत पांढरट, वास नाही, चव एकदम पाणचट. मग कोल्ड स्टोरेजमधली फळं महिनोन् महिने चांगली कशी राहतात? तेवढं सांगा की. — एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आंब्यात खोट नव्हती, तो चुकीच्या वेळी थंडीत गेला. तोडल्यावरही आंबा श्वास घेत असतो आणि आतल्या आत पिकत असतो, थंडीत ते काम मंदावतं म्हणून फळ टिकतं, इथपर्यंत बरोबर. पण आंबा, केळं, चिकू ही उष्ण भागातली फळं, त्यांना 12-13 अंशाखाली फार दिवस सोसत नाही, आणि घरचा फ्रीज असतो 4-5 अंशावर! तेवढ्या थंडीत कच्च्या फळाच्या पेशींची आवरणं बिघडतात, पिकवणारी यंत्रणाच कोलमडते, मग बाहेर काढून कितीही अढी घाला, गोडी आणि वास नीट तयार होतच नाही. डागसुद्धा बरेचदा फळ बाहेर उबेला आलं की मगच उठतात, त्यामुळे फ्रीजमध्ये असेपर्यंत कळत नाही. केळ्याची साल काळी पडते ती यामुळेच, आणि टोमॅटोचापण वास फ्रीजमध्ये कमी होतो, आम्ही घरी आता बाहेर टोपलीतच ठेवतो.

सफरचंद थंड मुलखातलं, त्याला शून्याच्या आसपास चालतं, शिवाय मोठ्या गोदामात हवेतला ऑक्सिजनपण 1 ते 3 टक्क्यांवर आणतात. तरी आंबटपणा हळूहळू कमी होतोच, म्हणून उन्हाळ्यातलं सफरचंद नुसतं गोडसर आणि कधी पिठूळ लागतं. द्राक्षाचं वेगळं, ते तोडल्यावर पिकतच नाही, जेवढी गोडी वेलीवर आली तेवढीच, त्यामुळे आंबट असतानाच तोडलं तर कुठलंही कोल्ड स्टोरेज त्याला गोड करणार नाही. आपल्या अथणीकडचे शेतकरी बेदाणा कोल्डला ठेवतात तो मुख्यतः रंगासाठी, उन्हाळ्याच्या गरमीत हिरवा बेदाणा लालसर पडतो आणि भाव उतरतो.

तर पुढच्या वर्षी कच्चा आंबा फ्रीजला अजिबात दाखवू नका. सगळे एकदम पिकायला नको असतील तर थोडे पिंजरात घाला, बाकीचे गार खोलीत जमिनीवर सुटे पसरा, आणि त्यांच्या शेजारी पिकलेली केळी ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आंबे लवकर पिकतात. पूर्ण पिकलेला आंबा मात्र चार-पाच दिवस फ्रीजमध्ये खुशाल ठेवा, त्याला एवढा त्रास होत नाही. जास्तच झाले तर रस काढून डबे फ्रीजरला टाका. आणि फ्रीजमधला आंबा खायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, गारेगार कापला तर वास येत नाही बघा.