इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपचा ब्रश बनवताना ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारी छटा) का घेत नाही? खरा वाटणारा पाइप कसा काढायचा?

ब्रशमध्ये ग्रेडियंट चालत नाही, ब्लेंडही (एका आकारातून दुसऱ्यात जाणाऱ्या पायऱ्या) नाही. आधी एक्स्पांड करा, म्हणजे छटेचे एकरंगी पट्टे होतात; असे ३०-४० ऑब्जेक्ट पुरतात, सोबत आलेला क्लिपिंग मास्क (बाहेरचा भाग झाकणारा आकार) काढून टाका आणि मग ब्रश पॅनलमध्ये ओढा. पण साधा गुळगुळीत पाइपच हवा असेल तर ब्रशच्या भानगडीत पडूच नका. सीएस६पासून, म्हणजे २०१२पासून, स्ट्रोकलाच, म्हणजे रेषेलाच, तिच्या जाडीत आडवा ग्रेडियंट देता येतो.

ब्रश लागतो तो कड्याकड्यांच्या सक्शन होजला आणि एल्बोवाल्या (कोपऱ्यावर पाइप जोडणारा वाकडा तुकडा) लाइनला. तोही पॅटर्न ब्रश, म्हणजे रेषेवर टाइल (चित्राचे ठरलेले तुकडे) एकामागून एक बसवणारा. आर्ट ब्रशमध्ये एकच चित्र पूर्ण रेषेवर पसरतं, म्हणून लांबी वाढली की कड्या रबरासारख्या ताणल्या जातात.

एल्बोवरून आठवलं. मी डीटीपीच्या दुकानात होतो तेव्हा ठिबकच्या एका दुकानदाराचं पोस्टर आलं होतं. विहीर, फिल्टर, राखाडी सब-मेन (शेतात पाणी नेणारा जाड पाइप), काळ्या लॅटरल (पिकाच्या ओळींतल्या बारीक नळ्या). मी ब्रशनं सगळं झकास काढलं. दुकानदारानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "भाऊ, पाइप कोपऱ्यात असा मुडपतो का? एल्बो कुठंय?" बरोबरच होतं त्याचं. आमचे सर लगेच सुरू झाले, "ब्रशनं काम करणाऱ्यांचा हात मरतो. एकेक पाइप हातानं काढ."

मी काढला नाही. कॉर्नर टाइलमध्ये, म्हणजे कोपऱ्यावर येणाऱ्या तुकड्यात, एल्बो बसवला. एल्बोचं तोंड, म्हणजे सॉकेट, पाइपापेक्षा जाड असतो आणि टाइलची उंची तर सारखी लागते, म्हणून साइड टाइलच्या (सरळ पाइपाच्या तुकड्याच्या) मागे बिनरंगाचा चौकोन ठेवला. लाइन दोन्हीकडे वळते म्हणून आउटर आणि इनर असे दोन्ही एल्बो केले. पोस्टरवरचे सगळे कोपरे एका झटक्यात बदलले. त्यानंतर गिऱ्हाइकानं तीनदा फिल्टरची जागा हलवली, तरी मला दर वेळी पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग सरांना पीडीएफमध्ये टाइलच्या सांध्यांवर केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. सगळ्यांसमोर बोलले. मी म्हटलं, झूम करून बघा, रेष जाड होत नाही, म्हणजे ती स्क्रीनची आहे, फाइलमध्ये नाही. ऐकून घेतलं नाही. रात्री दोनपर्यंत बसून सगळे पाइप हातानं काढले. पुढं एका हँडबिलाला माझी ब्रशवालीच फाइल चुकून ऑफसेटला गेली. छपाई स्वच्छ आली, एक रेष नाही. त्यावर सर चकार शब्द बोलले नाहीत.

तेव्हा हातानं काढणं म्हणजेच कला, असं कुणी सांगितलं तर त्याला आधी गिऱ्हाइकाच्या तीन दुरुस्त्या करायला बसवा.

उजेडाचं मात्र सांभाळा. ब्रश पाथबरोबर (काढलेल्या रेषेबरोबर) फिरतो, त्यामुळं डावीकडून उजवीकडे काढलेल्या पाइपावर चमक वर असेल तर परतीच्या पाइपावर ती खाली जाते. मी चमक मधोमधच ठेवतो.

आणि हो, व्हॉट्सअॅपसाठी जेपीईजी काढलात तर त्या पांढऱ्या रेषा खरोखरच चित्रात उतरू शकतात. एक्स्पोर्ट करताना अँटी-अलायसिंगमध्ये (कडा मऊ करायचा पर्याय) 'आर्ट ऑप्टिमाइझ्ड' निवडा. सरांनी पाहिली होती ती पीडीएफ, जेपीईजी नव्हे.