अनोळखी माणसांशी बोलताना खरा रस कसा दाखवायचा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन देवगडला आलात. दुकानदार, रिक्षावाले, शेजारी सगळ्यांशी बोलावंसं वाटतं, पण ‘काय, बरं ना?’च्या पुढे गाडी सरकत नाही. आणि पुढे काही विचारलं तर हा उगाच गोड बोलतोय असं समोरच्याला वाटेल, ही धास्ती. मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली, बहुतेक सगळी सिंधुदुर्गात. मूळची मी घाटावरची, सांगलीकडची. अनोळखी माणसाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभं राहायचं आणि बोलायला लागायचं, हेच माझं काम होतं. म्हणून हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

पहिला प्रश्न कोणीही विचारतो. तुमचं लक्ष आहे की नाही, ते दुसऱ्या प्रश्नावरून कळतं.

जानेवारीतली आंब्याची बाग घ्या. ‘यंदा मोहर कसा?’ हे बागायतदाराला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. तो ‘बरो आसा’ म्हणतो आणि पंप भरायला लागतो. इथे बहुतेक जण ‘वा, छान’ म्हणून निघतात. त्यापेक्षा त्याच्या उत्तराचा धागा धरा. ‘पहिल्या मोहराची फळं टिकली, की पुन्हा मोहर आला?’ असं विचारा आणि काय होतं ते बघा. हापूसचं एक दुखणं असं की थंडी लांबली की फळं धरलेल्या फांदीवरच दुसऱ्यांदा मोहर फुटतो. याला पुनर्मोहर म्हणतात. झाडाची ताकद नव्या मोहराकडे जाते आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून पडते. सुरुवातीच्या आंब्याला भाव चांगला मिळतो, म्हणजे गळते ती नेमकी पैशाची फळं. ज्याची अशी गळ झालीय त्या माणसाला हे कुणीतरी विचारायला हवं असतं. तो पंप खाली ठेवतो.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला शेतीतलं कळतं, मला कुठे कळतं? कळायची गरज नाही. ‘बरा आहे म्हणालात, तरी फवारणी चालूच आहे. ती कशासाठी?’ एवढंही पुरतं. मग तो तुडतुडे दाखवील, फुलकिडे दाखवील, पानाला हात लावून चिकटा कसा लागतो ते सांगील. तुम्हाला माहीत नाही आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत ना? मग त्यात नाटक कुठे आलं?

याला अभ्यासाचाही आधार आहे. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अनोळखी माणसांच्या गप्पा तपासल्या. जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, आणि त्यातही फरक पडला तो मुख्यतः उत्तराला धरून विचारलेल्या पुढच्या प्रश्नांनी. जोडीदार शोधणाऱ्या तरुण-तरुणींच्या झटपट भेटी असतात त्यांतही तेच दिसलं: असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले. मला हे वाचून नवल वाटलं नाही. पुढचा प्रश्न सुचायला आधीचं उत्तर ऐकलेलं असावं लागतं, आणि ऐकलं जाणं सगळ्यांनाच हवं असतं.

आता मासळी बाजार, कारण देवगडला राहायचं तर तिथे जाणं चुकत नाही. ‘ताजं आहे का?’ हे विचारू नका. त्यात संशय आहे, आणि ‘नाही’ कोण म्हणेल? ‘मावशी, आज घरी काय ठेवलंत?’ हे विचारून बघा. तिने घरासाठी पेडवे (छोटे मासे) ठेवले असतील तर ते का, कसे करणार, तिखलं (घट्ट तिखट कालवण) की नुसते तळून, हे सगळं पाठोपाठ येतं, आणि आज खरंच चांगलं काय आलंय तेही कळतं. मात्र वेळ बघा. होड्या लागल्यात, लिलाव चाललाय, बर्फ वितळतोय, अशा वेळी गप्पा मारायला जाणं म्हणजे तिच्या पोटावर पाय. टोपलीतला माल संपत आला की ती स्वतःच बोलते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा खलाशी जाळी विणत, डागडुजी करत बसलेले दिसतील. कुणाला काही विचारायचं तर यापेक्षा बरी वेळ नाही, कारण हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं.

एक गोष्ट मात्र कोकणात आधी करावी लागते, आणि शहरातून आलेली माणसं नेमकी तिथे अडतात. तुम्ही काही विचारण्याआधी तुम्हालाच विचारलं जाईल: ‘खंयचे तुमी? खंय रवतास? घराक कोण कोण आसा?’ याला चौकशी समजून आखडू नका. ‘पुण्याचा’ एवढ्यावर सोडूही नका. पुण्यात कुठले, मूळ गाव कोणतं, तिथे आता कोण असतं, इथे कुणाच्या घरात भाड्याने राहता, सगळं सांगा. इथे माणूस गावावरून आणि वाडीवरून ओळखला जातो. तुमचं ठिकाण कळल्याशिवाय समोरच्याला तुमच्याशी नीट बोलता येत नाही, कारण कुणाशी बोलतोय हेच त्याला माहीत नसतं. मला सुरुवातीला सगळे ‘मॅडम’ म्हणत. माझ्या गावची द्राक्षं, दुष्काळात टँकरची वाट बघणं, आईचं एकटीनं शेत करणं, हे मी सांगायला लागले तेव्हा एका आजीने पहिल्यांदा ‘बाय’ म्हणून हाक मारली. आपण काही दिल्याशिवाय दुसऱ्याकडून काढून घेत राहणं मला योग्यही वाटत नाही.

भाषेचं थोडक्यात. मालवणी बोलायचा आव आणू नका. समजून घ्या, अडलं तर विचारा, पण तुमची मराठी तुमचीच राहू द्या. पुढे रुळलात की शब्द आपोआप तोंडात येतील. आणि हाक मारताना वयाचा मान ठेवा. काका, मावशी, आजी, दादा, वहिनी. सलगीच्या नावाखाली ‘काय रे’ वर एकदम येऊ नका.

काय विचारू नये, यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आस्था आणि भोचकपणा यांच्यातली रेघ इथेच आहे. ‘तुमची किती कलमं?’, म्हणजे आंब्याची झाडं किती, हा प्रश्न बाहेरच्याला साधा वाटतो, पण तो बँकेत शिल्लक किती असं विचारण्यासारखाच आहे. कामासाठी मलाही तो विचारावा लागे, पण मी तो शेवटी विचारायची, कागद हातात घेऊन, का हवंय ते सांगून. जमीन कुणाच्या नावावर, हेही टाळा. इथल्या सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला भाऊ, चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी रांग असते. निम्मे मुंबईत, काही कधी आलेच नाहीत. कुठल्या घरात तो विषय जखमेसारखा आहे ते तुम्हाला कळणार नाही. आणि ‘मुलगा मुंबईला काय करतो?’ हे तर पहिल्या भेटीत नकोच. चांगलं चाललेलं असेल तर आईबाप स्वतःहून सांगतात. त्यापेक्षा ‘गणपतीला कोण कोण येतं?’ असं विचारावं. उत्तर देणाऱ्याला हवं तेवढं सांगता येतं, नको ते झाकता येतं. माझ्या मते चांगला प्रश्न तो, ज्यात समोरच्याला न सांगण्याची वाट मोकळी राहते.

ऐकताना एक सवय आवरावी लागते. समोरचा म्हणाला, ‘यंदा माकडांनी भुईमूग ठेवलाच नाही,’ की आपल्या तोंडात लगेच येतं, ‘आमच्याकडे तर रानडुकरं...’. आपल्याला वाटतं आपण साथ देतोय, पण बोलणं त्याच्याकडून आपल्याकडे आलं. ‘मग राखणीला कोण जातं?’ असं विचारलंत तर ते त्याच्याकडेच राहील. तुमची रानडुकरं पाच मिनिटांनी सांगा, तोवर कुठे पळून जात नाहीत.

प्रवासातली धास्ती तुम्ही वेगळी लिहिली आहे: ‘लोकांना बोलायचंच नसेल तर?’ शिकागोच्या लोकलमध्ये आणि बसमध्ये यावर प्रयोग झालेत, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. पण आधी अंदाज विचारला तेव्हा लोकांना उलटच वाटत होतं, गप्प बसलेलंच बरं. म्हणजे दोन्ही बाकांवरची माणसं दुसऱ्याला बोलायचं नाही असं धरून चालतात. कोकण रेल्वेवर तुम्हाला हे करून बघणं सोपं आहे. बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे, त्यामुळे दुसरी गाडी जाईपर्यंत क्रॉसिंगला पॅसेंजर थांबून राहते. ‘कुणाला सोडतायत?’ इथून सुरुवात होते आणि वैभववाडी येईपर्यंत डबा उघडलेला असतो. एखादा एका शब्दात उत्तर देऊन खिडकीकडे वळला तर तिथेच थांबायचं. त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याला एकटं सोडणं हीसुद्धा आपुलकीच.

आणि लक्षात ठेवा, म्हणजे अक्षरशः आठवणीत ठेवा. कोणी म्हणालं की गाय गाभण आहे, पुढच्या महिन्यात व्यायची आहे, तर पुढच्या महिन्यात भेटल्यावर ‘व्याली का? पाडा की पाडी?’ विचारा. माझ्या वहीत पिकांच्या नोंदींशेजारी अशा नोंदी असत: अमक्यांच्या आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन, तमक्यांच्या मुलीची बारावी. कोणी म्हणेल की लिहून ठेवलं म्हणजे आतून आलं नाही. मला ते पटत नाही. ज्याची किंमत वाटते तेच माणूस लिहून ठेवतो.

कधी कधी खरंच कशात रस वाटत नाही, तेव्हा काय? तेव्हा माणसाकडून सुरू करू नका, त्याने केलेल्या वस्तूकडून करा. देवगडात फिरताना जांभ्या दगडाचे गडगे दिसतील. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेले, आणि इतके पावसाळे झेलून उभे. ते कसे रचतात, कुणी रचले, ढासळले तर कोण दुरुस्त करतं, याचं कुतूहल तुम्हाला नक्की वाटेल. ज्याच्या कुंपणाचा गडगा आहे त्यालाच विचारा.

दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळाबाहेर रात्रभर दशावतार चालतो. तुम्ही या दिवसांत तिथे असाल तर जरूर जा, आणि एकटेच जा. राजाची भूमिका करणाऱ्याला राजपार्टी म्हणतात. शेजारी बसलेल्याला विचारा, ‘हा राजपार्टी कुठल्या गावचा?’ तो गाव सांगील, दिवसा तो काय काम करतो ते सांगील, बहुधा त्याच्या वडिलांचीही भूमिका सांगील. मग विचारा, ‘तुम्ही त्याचं आणखी कुठलं नाटक बघितलंय?’ पहाटे गारठा पडतो, चादर बरोबर ठेवा.