पुढं जाऊ नकोस, मागं ये

सोलापूर

प्रिय पोरी,

रविवारी तू जायला उठलीस तेव्हा तुझ्या छोट्या पितळी रेल्वे इंजिनाचा डबा माझ्या टेबलावरच राहिला. विसरलीस म्हणतोय, पण मला वाटतं तुला तो घरी न्यायचाच नव्हता. जिना उतरता उतरता तू जे बोललीस ते चार दिवस डोक्यातून जात नाही. ‘काका, रंग देऊन टाकते. काचेतच तर ठेवायचंय, चालवणार कोण आहे?’ तेव्हा मी काही बोललो नाही, कारण तुझी आई खाली स्कूटी चालू करून उभी होती. आता बोलतो.

तुझी घाई मला कळते. आजोबांची पंचाहत्तरी अक्षय्य तृतीयेला. त्यांची सगळी नोकरी गार्डच्या डब्यात गेली, भावाने इंग्लंडहून इंजिनाच्या मॉडेलचं किट पाठवलं आणि त्या दिवशी इंजिन त्यांच्या हातात द्यायचं तू मनाशी ठरवलंयस. जमेल का, असं मला पुन्हा विचारू नकोस. बॉयलरचा पत्रा तू रबरी चटईवर पाइपने लाटून जसा गोल केलास, एक घडी न पडता, तसा माझा पहिल्या दोन खेपांना झाला नव्हता. प्रश्न हाताचा नाहीच. चाक दर फेऱ्याला एका जागी अडतंय, ते तुला दिसलंय, आणि दिसूनही तू पुढं जायचं म्हणतेस. मला त्रास याचा होतो.

माझे वडील चादरीच्या मागावर होते. जेकार्डचा माग, वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांची माळ फिरते आणि खाली नक्षी उतरते. ताण्याचा एक धागा तुटला आणि लक्षात आलं नाही, तर चादरीवर उभी रेघ पडत जाते. माग जेवढा चालेल तेवढी ती लांबते. वडील तुटका धागा दिसला की माग थांबवायचे, विणलेलं दोन-चार बोटं उकलायचे, बाण्याचा एकेक धागा ओढून काढायचे, तुटल्या जागी गाठ मारायचे आणि मगच माग पुन्हा सुरू करायचे. मजुरी नगावर होती. उकलण्याचे पैसे कुणी देत नसे. शेजारच्या मागावरचा माणूस ओरडायचा, ‘काय बे, कोण बघतंय? जाऊ दे की!’ मी डबा घेऊन गेलो की हे ऐकायचो. वडील त्याला काही म्हणत नसत. मला मात्र म्हणायचे, ‘पुढं जाऊ नको, मागं ये.’

मला साठ वर्षांत याच्याहून उपयोगाचं काही कुणी सांगितलेलं नाही.

आता तुझ्या चाकाचं. तुझं इंजिन सहा जोडचाकांचं, म्हणजे तीन एक्सल. मोटर त्यातला एकच फिरवते, बाकीच्या दोघांना साइड रॉड, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणारे दांडे, ओढून नेतात. खऱ्या इंजिनात डाव्या बाजूची क्रँकपिन, म्हणजे चाकावरची रॉड अडकवायची खुंटी, आणि उजव्या बाजूची यांच्यात 90 अंशांचं अंतर असतं. कारण साधं आहे. दट्ट्या टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाक फिरवू शकत नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूचा दट्ट्या मध्यावर, भर जोरात असतो, तो चाक पुढं नेतो. दोन्ही बाजू एकदमच टोकाला आल्या तर गाडी तिथून हलणारच नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे एका फेऱ्यात चार ठोके पडतात ते यामुळेच. आजोबांना विचार, ते तुला तोंडाने काढून दाखवतील.

मॉडेलमध्ये तो कोन बरोबर 90 च हवा असं नाही. 88 असू दे, 92 असू दे. पण तिन्ही एक्सलवर एकच हवा. तुझ्या एका एक्सलवर तो वेगळा आहे, किंवा एखादी क्रँकपिन तिरकी बसलीय. शोधायला तास लागत नाही. मोटर काढ. रॉड काढ. चासी, म्हणजे चाकांची चौकट, काचेच्या तुकड्यावर ठेवून ढकल आणि तिन्ही एक्सल मोकळे फिरतात का बघ. मग पुढचे दोनच एक्सल रॉडने जोड आणि ढकल. मग पुढचा सोड, मागचे दोन जोड. तुझ्या किटचे रॉड मधल्या पिनवर सांधलेले आहेत, म्हणून हे करता येतं. कुठली जोडी अडते ते कळलं की अडत्या जागी चाकावर मार्करने खूण कर, आणि त्या एक्सलचं एक चाक केसभर फिरव. पुन्हा जोड, पुन्हा ढकल. नाही जमलं, पुन्हा काढ. फळी थोडी तिरकी धरली की चासी आपल्या वजनाने घरंगळत खाली आली पाहिजे, मध्ये कुठंही विचार न करता. तोवर तिला मोटर दाखवायचीही नाही.

कुणीतरी तुला सांगितलंय की रॉडची भोकं कानशीने मोठी कर, सुटेल. सुटेल खरं. किंचित मोकळीक लागतेच, ती मीही ठेवतो. पण चूक मावेपर्यंत भोक वाढवलंस तर इंजिन डोलत चालेल, आणि पुन्हा कधी ते सरळ करायचं म्हटलंस तर रॉड नवे आणावे लागतील. हे मागं येणं नव्हे. हा परतीचा रस्ता बुजवणं झालं.

सोल्डर, म्हणजे वितळवून जोड द्यायचा मऊ धातू, मला याच्याचसाठी आवडतं. झटकन चिकटणाऱ्या गोंदाने मी पितळ जोडू देत नाही म्हणून तू तोंड वाकडं केलंस, पण सोल्डर तापवलं की सुटतं, तांब्याची जाळी लावली की शोषून निघतं आणि तुकडा पहिल्यासारखा हातात येतो. म्हणून तर तीन प्रकारचं सोल्डर ठेवायचं. मोठे जोड 188 अंशांना वितळणाऱ्या सोल्डरने, त्याला लागून बारीक काम 145 ने, म्हणजे दुसरं लावताना पहिलं सुटत नाही. धुरांडं आणि डोम व्हाइट मेटलचे, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मऊ धातूचे, त्यांना 70 अंशांचं. तिथं सोल्डरिंग आयर्न कमी तापमानावर ठेव, नाहीतर धुरांड्याचा डोळ्यांदेखत गोळा होतो. आणि 70 चं सोल्डर नुसत्या पितळेला धरत नाही. पितळेवर आधी 145 चा पातळ थर दे, मग ते बसतं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

माझं पहिलं इंजिनही असंच अडायचं. तेव्हा मी एका गिरणीत फिटर होतो. रेल्वेत ड्रायव्हर असलेल्या एका मित्राची सेवानिवृत्ती होती, तारीख ठरलेली होती, आणि मी स्वतःला हेच म्हणालो, काचेतच तर राहणार आहे. काळा रंग दिला, बफर बीम, म्हणजे पुढची आडवी पट्टी, लाल केला, वर वॉर्निशचा हात फिरवला. दिसायला देखणं झालं. समारंभात लोकांनी उचलून उचलून बघितलं, टाळ्या पडल्या. मित्राने ते टेबलावर ठेवलं, एका बोटाने पुढं ढकललं, आणि थांबला. परत ढकललं. त्याच जागी परत अडलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता इंजिन पेटीत ठेवलं. त्याने आयुष्यभर साइड रॉडवर तेल घातलं होतं, त्याला काय कळायचं राहतंय?

ते इंजिन आजही त्याच्या घरी विजापूर रोडला काचेच्या कपाटात आहे. मी किती वेळा म्हणालो, आठ दिवस दे, नीट करून आणतो. घरचे म्हणतात, अहो, छान आहे की, राहू द्या. मित्र हसतो आणि विषय बदलतो. चहा पिताना माझी पाठ कपाटाकडे असेल अशीच खुर्ची मी धरतो. तीस वर्षं होतील आता. एका संध्याकाळचं काम होतं ते. रंग दिला आणि मागं यायचा रस्ताच बंद झाला.

तुझ्या आजोबांचं बोटही त्या इंजिनाला लागणारच आहे, पोरी. काचेत ठेवण्याआधी ते एकदा ढकलून बघतील. रेल्वेतल्या माणसाला ते केल्याशिवाय राहवणार नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुला फारसं शिकवायचं नाही. सोल्डर धरावं म्हणून लावलेला फ्लक्स धुऊन काढ, जुना ब्रश, भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, दोनदा. आत कोपऱ्यात राहिलेला फ्लक्स काही महिन्यांनी रंगाखालून हिरवा होऊन वर येतो. मग पितळ धरणारा एच (etch) प्रायमर, पातळ. प्रायमर बसला की थांब आणि उजेडात तिरकं धरून बघ. उघड्या पितळेवर न दिसलेले सोल्डरचे ढेकूळ, कानशीचे ओरखडे, सगळे करड्या रंगात दिसतात. तिथंही मागं ये. खरवड, घास, परत प्रायमर मार. काळा रंग निव्वळ काळा वापरू नकोस, थोडा करडा मिसळ. एवढ्याशा वस्तूवर शुद्ध काळ्यात रिव्हेटसुद्धा दिसत नाहीत.

आणि हे सोलापूर आहे, हे विसरू नकोस. किटबरोबरच्या कागदावर ‘हवेशीर खोलीत रंगवा’ असं लिहिलंय, ते लिहिणाऱ्याने आपला एप्रिल बघितलेला नाही. पारा चाळिशीला टेकला की एअरब्रशमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. पहाटे सहाला बस, सातला उठ. रंग सावकाश सुकवणारं रिटार्डर घाल, थिनर जरा वाढव, नोझल जवळ धर. खिडकी बंद, पंखा बंद. तुमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, कापसाची तूस हवेत तरंगत असते आणि ओल्या रंगावर नेमकी तीच येऊन बसते. आदल्या रात्री फरशी ओल्या फडक्याने पूस, आणि रंग मारला की लगेच वर खोकं पालथं घाल.

तू रविवारी माझ्या खिडकीतली ती उघडी पितळी चासी बघून विचारलंस, ‘काका, हे कधीपासून चाललंय?’ अकरा वर्षं. तुझी काकूही अधूनमधून विचारते. ते बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेचं इंजिन आहे, लीड्सच्या किट्सन कारखान्यातलं, आठ जोडचाकांचं. लहानपणी कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून आम्ही पंढरपूरला त्याच अरुंद रुळांवरून जायचो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये ती लाइन सुरू केली तेव्हा हट्ट धरला होता की कुठल्याही एक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. हलके रूळ टाकायचे तर वजन सगळ्या चाकांवर सारखं विभागलं पाहिजे. आठ जोडचाकं त्याच्यासाठी. त्यातलं एक चाक जरी कामचुकार निघालं तर सगळा हिशेब फसतो. मला ते इंजिन म्हणूनच आवडतं.

त्या रुळांची रुंदी 762 मिलिमीटर. आपल्या 4 मिलिमीटरला एक फूट या मापात ती 10 मिलिमीटर होते. बाजारात तयार चाकं मिळतात ती 9 ची. मी 9 वर चार वर्षं काम केलं, सिलिंडर बसवेपर्यंत आलो. एका रात्री जुन्या फोटोशेजारी धरून बघितलं आणि मला ते खटकलं. चाकं आत दबल्यासारखी दिसत होती. मी सगळं उकललं. फ्रेम, स्पेसर, सगळं. लोक म्हणाले, एका मिलिमीटरसाठी? तुझ्याही चेहऱ्यावर तेच होतं.

तुझं इंजिन 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर चालतं आणि मापाने ते 18.83 हवं, हे मला माहीत आहे. त्याला हात लावायला मी तुला सांगत नाहीये. तो त्या पद्धतीचा जुना ठराव आहे, बहुतेक किटवाले तसंच करतात. ती तुझी चूक नव्हे. तुझी चूक एका एक्सलवर आहे आणि ती तुला दिसलीय. माझंही 10 मिलिमीटरचं तसंच होतं. मला दिसलं नसतं तर मी 9 वर सुखाने राहिलो असतो. दिसल्यावर कसा राहणार? अकरा वर्षांत माझ्याकडून एक इंजिन झालं नाही, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. त्या विजापूर रोडवरच्या कपाटातलं एक मी ‘झालं’ म्हणून दिलं होतं.

मी रागावलोय असं समजू नकोस. रागावलो असेन तर थोडा, आणि तो तुझ्यावर कमी आहे. तुझा डबा चार दिवस माझ्यासमोर आहे. काल रात्री झाकण उघडलं, चासी हातात घेतली, अडती जागा मला सापडलीसुद्धा, आणि तशीच परत ठेवली. खूण केलेली नाही. ती तुझ्याच हाताने व्हायला हवी, कारण पुढच्या इंजिनाला मी असेन-नसेन.

अक्षय्य तृतीयेला अजून सात आठवडे आहेत. चाकांना एक रविवार, वरच्या बांधणीला तीन, रंगाला दोन पहाटा आणि सुकायला एक आठवडा. पुरतात. न पुरले तर आजोबांना त्या दिवशी बिनरंगाचं पितळी इंजिन दे, पण मोकळं धावणारं. रंग मागाहून देता येतो. उलटं करता येत नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

या रविवारी सातच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवणार आहे, घरून खाऊन येऊ नकोस. काचेचा तुकडा माझ्याकडे आहे, मार्कर आहे, बारीक स्क्रूड्रायव्हर तुझा आण, माझ्याचं टोक झिजलंय. मोटर डब्यातून काढून मी कपाटात ठेवलीय. ती चासी फळीवरून आपणहून घरंगळली की देतो.

तुझा
काका