आडनावाचं गाव : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आडनावांबद्दल लिहा म्हटलं तर इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही. चार घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न निम्म्या पुण्याचा आहे असं मला वाटतं.

प्रश्न : आमचं आडनाव इंदापूरकर. माझ्या आजोबांचे वडील पुण्यात आले, नारायण पेठेत बिऱ्हाड केलं, तेव्हापासून आम्ही इथलेच. या मे महिन्यात मुलाला घेऊन मुद्दाम सोलापूर रोडने इंदापूरला गेलो, दोन दिवस राहून विचारपूस केली. आमच्या आडनावाचं एकही घर सापडलं नाही, कुणाला काही आठवत नाही. मुलगा म्हणाला, बाबा आपण इथले नाहीच बहुतेक. फार वाईट वाटलं. घरात एवढंच माहीत आहे की कुलदैवत हरिहरेश्वर, आणि आत्या सांगायची की पूर्वी आपण ‘वैद्य’ लावायचो. आम्ही नक्की कुठले? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : दादा, आधी ते वाईट वाटणं सोडा. इंदापुरात इंदापूरकर सापडला नाही यात नवल काहीच नाही, सापडला असता तर मी जास्त चौकशी केली असती. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार, तिथे सगळेच त्या गावचे. तिथे माणूस ओळखला जातो तो कामावरून, नाहीतर वाड्यावरून, नाहीतर बापाच्या नावावरून. ‘कर’ लागतं ते गाव सोडल्यावर, आणि ते आपण लावत नाही, नवीन गावातले लोक लावतात. पेठेत बिऱ्हाड करून राहिलेला माणूस कुठला, तर इंदापूरचा, मग तो इंदापूरकर. म्हणून माझं म्हणणं असं की ‘कर’वाली आडनावं ही गावात राहिलेल्यांची नाहीतच, ती गाव सोडलेल्यांची आहेत, आणि तुमचं आडनाव हाच तुमच्या घराने केलेल्या प्रवासाचा पहिला पुरावा आहे.

मोठ्या घराण्यांचंही असंच झालंय. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, पण वडील गेल्यावर लहानपणीच आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाकडे गेले, पुढे माळव्यात राज्य केलं. होळ मागे राहिलं ते कायमचंच, आणि इंदूरच्या गादीला नाव मात्र त्या एवढ्याशा गावाचं.

आता दुसरी गोष्ट, आणि इथेच तुमची गाडी चुकीच्या रस्त्याला लागली असं मला वाटतं. इंदापूर दोन आहेत. एक आपल्या जिल्ह्यातलं, तालुक्याचं, जिथे तुम्ही जाऊन आलात. दुसरं रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा हायवेवर, कोलाड सोडलं की माणगावच्या आधी लागतं, कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. पुण्यात राहणारा माणूस इंदापूर म्हटलं की डोळे मिटून सोलापूर रोड धरतो, तसा तुम्हीही धरलात. पण तुमचं कुलदैवत हरिहरेश्वर. ते श्रीवर्धन तालुक्यातलं, म्हणजे या दुसऱ्या इंदापूरच्याच मुलखातलं. भीमेकडच्या इंदापूरचं घर असतं तर मी जेजुरीचा खंडोबा, तुळजापूर, शिखर शिंगणापूरचा महादेव असं काहीतरी ऐकायची अपेक्षा केली असती. तेव्हा पुढच्या सुट्टीत ताम्हिणी घाट उतरा आणि माणगावकडून इंदापूर गाठा.

पण इथेही थोडं जपून. कुलदैवत दिशा दाखवतं, पुरावा देत नाही, कारण ते आडनावातल्या गावापेक्षा जुनं असू शकतं. कितीतरी चित्पावन घरांची सगळी गावं कोकणात आणि कुलदेवी मात्र मराठवाड्यात अंबाजोगाईची योगेश्वरी. तिची कथा सांगतात की देवी कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घेऊन निघाली पण मुहूर्त टळला आणि लग्न राहिलं, वऱ्हाडाचे दगड झाले, देवी तिथेच राहिली. कथा खरी की खोटी हा वेगळा विषय, मला त्यात एवढंच दिसतं की घाटावरून कोकणात आणि कोकणातून घाटावर अशी ये-जा लोकांच्या आठवणीत फार खोल बसलेली आहे. म्हणून आडनाव एका मुक्कामाचं नाव सांगतं, कुलदैवत कदाचित त्याच्याही मागच्या मुक्कामाचं.

आणि आत्याचं ‘वैद्य’ तर सोन्यासारखी माहिती आहे, ती फेकू नका. बघा कसं होतं ते. गावात औषधपाणी करणारं घर म्हणून वैद्य. पुण्यात येईपर्यंत इथे आधीच पन्नास वैद्य, मग कुठले वैद्य तर इंदापूरकर वैद्य, आणि एक-दोन पिढ्यांत बोलता बोलता, शाळेत नाव घालताना मागचं वैद्य गळून पडतं. म्हणजे गावातलं नाव कामाचं, शहरातलं नाव गावाचं. तुमच्या घरात नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच तुम्ही इंदापूरला ‘इंदापूरकर’ विचारत बसू नका, ‘वैद्यांचं घर कुठे होतं’ असं विचारा, म्हातारी माणसं लगेच बोट दाखवतील.

वर कधी आले असतील? कोकणातून पुण्याकडे लोंढा लागला तो १७१३ मध्ये श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाल्यावर, आणि पुढे बाजीरावांनी पुण्यात मुक्काम हलवून १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातल्यावर तर कारकुनी, भिक्षुकी, सावकारी सगळ्यालाच माणसं लागायला लागली. पण तुमचे आजोबांचे वडील त्यातले नव्हेत, पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून मागे मोजा, फार तर एकोणिसाव्या शतकाची अखेर येईल. ही पिढी शाळा, कचेऱ्या, छापखाने यांच्यासाठी आलेली. बोरघाटातून रेल्वे १८६३ ला सुरू झाली खरी, पण माणगावच्या बाजूला त्याचा काय उपयोग, कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. म्हणजे तुमचे पणजोबा बहुतेक घाट पायी चढून आले, डोक्यावर वळकटी आणि देवघरातला देव घेऊन.

कागद कुठे बघायचे ते सांगतो, पण क्रम पाळा. लोक एकदम पेशवे दफ्तरात जायचं म्हणतात, तिथे कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत, आणि ज्यांचा सरकारशी हिशेबाचा, इनामाचा, वतनाचा संबंध आला त्यांचीच नावं मिळायची शक्यता, साध्या वैद्याचं घर तिथे शोधणं म्हणजे गवतात सुई. आधी घरातलं बघा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नारायण पेठेतल्या जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा, जुन्या लग्नपत्रिका, त्यात ‘मूळ गाव’ बऱ्याचदा छापलेलं असतं. मग माणगाव तहसीलमध्ये गाव नमुना चौदा, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्याही बऱ्याच मोडीत आहेत, पण २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून कचेऱ्यांमधले असे कितीतरी कागद बाहेर काढून स्कॅन झालेत आणि मोडी वाचणाऱ्यांना परत विचारायला लागलेत, त्याचा फायदा घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाशिक-त्र्यंबकेश्वर. तिथले तीर्थोपाध्ये यजमानांच्या नामावळी ठेवतात. तुमच्या घरातलं कुणी कधी श्राद्धाला, सिंहस्थाला गेलं असेल तर नाव, बापाचं नाव, भाऊ, मुलं, मूळ गाव आणि ‘हल्ली मुक्काम’ असं सगळं एका पानावर मिळतं. मी स्वतः असाच गेलो होतो, गुरुजींनी लांबट वही उलगडली आणि माझ्या पणजोबांची मोडीतली सही समोर आली, त्या माणसाचा फोटोसुद्धा आमच्या घरात नाही, हात लावायचं धाडस होईना. तुम्ही जाल तेव्हा इंदापूरकर आणि वैद्य, दोन्ही आडनावं सांगा, आणि गाव सांगताना माणगावचं नाव आवर्जून घ्या.

प्रश्न : माझं सासरचं आडनाव गायकवाड. मुलं विचारतात, बडोद्याचे महाराज आपले नातेवाईक का? आणि ग्वाल्हेरचे सिंधिया म्हणजे आपले शिंदेच ना? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर सोपं, हो, शिंदेच. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड हे त्यांचं गाव, राणोजी शिंदे तिथून निघाले, उत्तरेत बोलताना आणि इंग्रजीत लिहिताना शिंदेचं सिंधिया झालं.

गायकवाडांचं जरा नीट ऐका ताई. बडोद्याच्या घराण्याचं गाव आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातलं दावडी. पण त्यातही घरं फुटली, सयाजीराव महाराज तिसरे हे दत्तक गेले ते मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी शाखेतून, १८७५ मध्ये, तोवर ते गोपाळराव होते. तेव्हा दावडीशी किंवा कवळाण्याशी तुमच्या घराचा संबंध असेल तर शोधाला अर्थ आहे. नुसत्या आडनावावरून मात्र काही ठरत नाही. गायकवाड, शिंदे, जाधव, पवार, मोरे ही आडनावं मराठा, धनगर, महार, मातंग, कोळी, रामोशी अशा कितीतरी समाजांत आहेत. इचलकरंजीचंच बघा, तिथले घोरपडे मुळात जोशी, नारो महादेव जोशी यांना सेनापती संताजी घोरपड्यांनी हाताशी धरून मोठं केलं, त्या उपकारासाठी त्यांनी घोरपडे आडनाव घेतलं, आणि मुधोळचे घोरपडे वेगळे. आडनाव रक्ताने मिळतं तसं प्रेमाने आणि चाकरीनेही मिळतं, त्यात कमीपणा काहीच नाही. म्हणूनच जुनी माणसं सोयरीक करताना आडनावावर न थांबता देवक, म्हणजे कुळाने पूज्य मानलेलं झाड-पान, विचारायची, कळंब की पंचपालवी की आणखी काही. तुमच्या सासऱ्यांना देवक विचारून घ्या आणि लिहून ठेवा. नेटवर प्रत्येक आडनावाला एकेक राजवंश चिकटवलेल्या याद्या फिरतात त्यावर मुलांना विसंबू देऊ नका.

प्रश्न : आम्ही कुलकर्णी, पण मूळ आडनाव वेगळं होतं असं कळलंय. आता मुलाच्या कागदपत्रांवर मूळ आडनाव लावावं का? (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : कुलकर्णी हे हुद्द्याचं नाव, कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, नाव राहिलं. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. नाना फडणवीसांचं घराणं वेळासच्या भानूंचं, पण भानू म्हटलं तर आज किती जणांना कळेल? मूळ नाव शोधा, घरात सांगा, पण राजपत्रात बदल करून कुलकर्णी काढून टाकू नका असं मी तरी सांगेन. सातबारा, दाखले, नामावळी सगळीकडे कुलकर्णी आहे, तुम्ही ते काढलंत तर तुमच्या नातवाला हा दोरा मधूनच तुटलेला मिळेल. फार वाटलं तर मूळ नाव जोडून लावा.

प्रश्न : लहानपणी रास्ता पेठेत आमच्या शेजारी पेणकर राहायचे. शनिवारी चूल पेटवायचे नाहीत. नंतर ते इस्रायलला गेले. ते ज्यू होते, मग पेणचे कसे? (एक वाचक, औंध)

उत्तर : पेणचेच. बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं कोकणात राहिले, अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज समुद्रातून किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही सगळी त्यांची आडनावं, किनाऱ्यावरून हात फिरवल्यासारखी. पुढे मुंबई, पुणे, आणि १९४८ नंतर इस्रायल. आज दिमोना, अश्दोद, लोद या गावांत ही आडनावं आहेत, घरातली म्हातारी माणसं मराठी बोलतात. मघाशी म्हटलं ना, ‘कर’ गाव सोडल्यावर लागतं, तर ही माणसं गाव, प्रांत, देश सगळं सोडून गेली आणि पेण बरोबर घेऊन गेली.

तुमच्या रास्ता पेठेचंही असंच, ती सरदार रास्त्यांच्या नावाची आणि रास्ते मुळात गोखले. त्या शेजाऱ्यांपैकी कुणाचा नंबर, पत्ता जुन्या डायरीत सापडला तर जरूर लिहा त्यांना, मराठीत लिहिलंत तरी चालेल. आणि उत्तर आलं तर मला कळवा, त्यांच्या घरात पेणमधल्या कुठल्या आळीचं नाव सांगतात ते ऐकायची मला खरंच फार इच्छा आहे.