इंदूरमध्ये घरी फायबरग्लासचा फ्लाय रॉड बांधता येईल का? ब्लँकही स्वतःच करावा का?

तुम्हाला कृत्रिम माशीने (फ्लाय) मासे धरण्याचा साडेसात फुटी, दोन तुकड्यांचा ५ वेटचा रॉड बांधायचा आहे (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). टाक्यांच्या दुरुस्तीची ग्लास मॅट आणि रेझिन सियागंजात सहज मिळतं, मग ब्लँकही, म्हणजे रॉडची नुसती पोकळ नळी, त्यातूनच का करू नये, असं विचारलंय. शिवाय गाइड (लाइन ओवायच्या कड्या) बांधायला जुलैत केलेल्या दोऱ्याच्या गुंडाळ्यांवरचं इपॉक्सी दुधाळ झालं, ते का, हेही.

रॉड बांधा, ब्लँक विकत घ्या. मॅटमधले तंतू आखूड आणि वाटेल त्या दिशेला पसरलेले असतात. रॉडला बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने लागतात, आणि थोडे आडवे, वेढ्यासारखे. आडवे कमी पडले तर वाकताना नळी आतून चपटी होते आणि पिचते. कारखान्यात रेझिन भिनवलेलं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून आकसणारी टेप ताणून बांधतात आणि भट्टीत पक्कं करतात. हा दाब आणि ही उष्णता गच्चीवर मिळत नाही. वर काचेची धूळ फुप्फुसात जाते ती वेगळीच.

ब्लँक आला की टेबलावर गरगर फिरवून बघा. काचेचा ब्लँक क्वचितच अगदी सरळ असतो. स्पाइन (ब्लँकची जास्त ताठ बाजू) शोधत बसण्यापेक्षा मी हा बाक बघायला सांगेन: टोक किंचित वर उचललेलं राहील असा धरा आणि गाइड खालच्या बाजूला येऊ द्या. गाइडांच्या वजनाने बाक बराचसा निघतो.

मुठीसाठी अर्धा इंच जाडीच्या १३ बुचाच्या चकत्या म्हणजे साडेसहा इंच. चकतीचं भोक पाव इंचाचं असतं, त्यात ६ मिमीचा आटे पाडलेला रॉड बरोबर बसतो. त्याला आधी मेण चोळा, नाहीतर मूठ त्यालाच चिकटून बसेल. चकत्यांना इपॉक्सी लावून दोन्ही बाजूंनी वायसर-नट कसा. गोंद किंचित बाहेर डोकावला की थांबा, बूच चेपू नका. दुसऱ्या दिवशी ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने ८०, १२०, २२०, ३२० असे घासत आकार द्या. मग ब्लँकच्या जाडीप्रमाणे भोक गोल कानशीने हळूहळू वाढवा. खड्डे बुचाचा भुगा आणि फेविकॉल कालवून भरा.

रील सीटचं (रील बसवायच्या नळीचं) भोक ब्लँकपेक्षा बरंच मोठं असतं. तिथे मास्किंग टेपचे सहा-सात मिमी रुंदीचे तीन वेढे द्या, मध्ये मोकळी जागा ठेवा, आणि ती जागा इपॉक्सीने पूर्ण भरा. सगळीकडे टेपच गुंडाळली तर टेपला पाणी लागतं आणि काही महिन्यांत सीट गरगर फिरू लागते. इथे साधं २४ तासांचं अ‍ॅरल्डाइट चालतं. घट्ट व्हायच्या आत सीट आणि गाइड एका रेषेत आहेत ना, हे एक डोळा मिटून बघून घ्या.

गाइड आठ, टिप-टॉप (अगदी टोकावरची कडी) वेगळा. टोकापासून इंचांत ४.५, ९.५, १५, २१.५, २९, ३८, ४८.५ आणि ६०.५ अशी सुरुवात करा. शेवटचा स्ट्रिपर (मुठीजवळची मोठी कडी) १० मिमीचा, त्यानंतर टोकाकडे स्नेक गाइड (वळवलेल्या तारेचे), क्रमांक ३, २, २, १, १, १, १. गाइड फेरूलच्या (दोन तुकड्यांच्या जोडाच्या) तोंडावर येत असेल तर अर्धा इंच सरकवा. आधी टेपने नुसते चिकटवा, लाइन ओवा, टोक बांधून रॉड वाकवा. लाइन दोन गाइडांमध्ये कोन करून ब्लँकला घासत असेल तर तिथलं अंतर कमी करा. टिप-टॉपची नळी इंचाच्या ६४व्या भागात मोजतात आणि काचेचं टोक ग्राफाइटपेक्षा जाड असतं, म्हणून व्हर्नियरने मोजूनच मागवा.

गाइडच्या पायांची टोकं कानशीने पातळ उताराची करा. बोथट ठेवलीत तर दोरा तिथे उडी मारतो आणि फट राहते, इपॉक्सी पुढे तिथूनच तडकतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. त्याचे केस इपॉक्सीत उभे राहतात. शेवटचे सहा-आठ वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा फास आत घालायचा, त्यावरून वेढे पूर्ण करायचे, टोक फासात ओवून खेचायचं. फेरूलचं तोंड (दुसरा तुकडा जिथे आत शिरतो ते) दोऱ्याने बांधायला विसरू नका, काचेची नळी पहिल्यांदा तिथेच फाटते.

आता दुधाळपणा. ओलावा हेच कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त: हवेतलं पाणी हार्डनरशी (रेझिनमध्ये मिसळायच्या दुसऱ्या घटकाशी) मिळतं आणि इपॉक्सी धुरकट होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरला हे काम करूच नका. मे महिन्यात चाळिशीच्या आसपास उष्णतेत ते वाटीतच घट्ट होतं, आणि डिसेंबरच्या रात्री इतकं जाड की बुडबुडे सुटत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम.

रॉडसाठीचंच इपॉक्सी घ्या. रिव्हर टेबलचं रेझिन पातळ असतं आणि घट्ट झाल्यावर इतकं कडक की रॉड वाकला की तडे जातात. रेझिन ३ मिली आणि हार्डनर ३ मिली, प्रत्येकाची सिरिंज वेगळी. इंजेक्शनच्या काळ्या रबरी दट्ट्याच्या सिरिंजला सिलिकॉन लावलेलं असतं, त्यामुळे थरात डोळ्यांसारखी भोकं पडतात. सर्व प्लास्टिकची मिळाली तर तीच घ्या. तीन मिनिटं हळू ढवळा, मग फॉइलवर पसरा. वाटीत ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने ते घट्ट होतं.

पहिला थर दोऱ्यात मुरेपर्यंत लावायचा, वरचं काढून टाकायचं. रॉड गोल फिरवायला जुन्या मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर चांगली, मिनिटाला पाच-सहा फेरे. मात्र तिच्यावरचं व्होल्टेज वाचा: काही २३० व्होल्टच्या असतात, काही २१च्या. चार-पाच तास फिरवा. बुडबुडे दिसले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झटक्यात फिरवा, मेणबत्ती नको, काजळी चिकटते. फुंकर मारू नका, तीही ओलीच असते. चिकट राहिलं तर प्रमाण चुकलंय. खरवडू नका, वरून बरोबर मापाचा थर द्या. तुमच्या दुधाळ गुंडाळ्यांना मात्र हा उपाय चालत नाही, ब्लेडने दोऱ्यासकट काढून पुन्हा बांधाव्या लागतील.

५ वेटच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. एवढ्यासाठीच हा रॉड आहे. चोरलच्या लहान माशांना तो छान, नर्मदेच्या महासीरसाठी ८ वेटचा वेगळा बांधा. आणि मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात घाई करण्याचं तसंही कारण नाही. इपॉक्सीला आठवडाभर द्या, पहिला फेक मैदानावर गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून घ्या, आणि प्रत्येक गुंडाळीची कड नखाने चाचपून बघा.